अंगठ्यावरच्या रेघा

प्रांजलला राग लवकर यायचा हे खरं. पण त्या रविवारी जो आला त्याला कारण होतं, आणि ते कारण तिच्या बापानं उशीखाली दडवून ठेवलं होतं. शिरवळच्या कंपनीतनं ती महिन्यातनं एकदा गावी यायची, विट्याच्या अलीकडं दहा-बारा किलोमीटर, आणि आल्या आल्या घरातली अंथरुणं उन्हात टाकायची. आण्णांची उशी उचलली तर खाली पाकिटं. एक नाही, सात, आणि सगळी एकाच बँकेची. त्या बँकेचं नाव इथं घेत नाही. घेतलं तर तिची फुकट जाहिरात व्हायची.

शेवटच्या पाकिटात सांगलीच्या लोकअदालतीची नोटीस होती. आकाराम यांनी गेल्या वर्षी एप्रिलात आमच्या सातारा शाखेतून क्रेडिट कार्ड घेतलं, वापरलं, पैसे भरले नाहीत. व्याजासकट एक लाख चौऱ्याऐंशी हजार झालेत. तडजोडीला या, नाहीतर दावा लावतो.

"आई, आण्णांनी कार्ड कवा घेतलं?"

बनाबाई भाकरी थापत होती. "कसलं कार्ड? रेशनचं व्हय? त्ये तर माझ्या अंगठ्यावर चालतंय. ह्यांचा कुठं उठतोय मशिनीवर."

ते खरंच होतं. आकाराम एकतीस वर्षं सेलमला गलाईच्या दुकानात होता. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून, तेजाबात घालून, त्यातलं चोख काढायचं काम. विट्याकडचे निम्मे गडी त्याच धंद्यावर देशभर पांगलेत. तेजाबानं त्याच्या दहाही बोटांची टोकं घासलेल्या नाण्यासारखी गुळगुळीत करून टाकली होती. रेशनच्या मशीनवर अंगठा दहादा ठेवला तरी मशीन नाहीच म्हणायचं. गावात त्याची चेष्टाही व्हायची, आकाराम चोरी करायला लय बेस्ट माणूस, पोलिसाला ठसा घावायचा न्हाई.

आकाराम शेताकडनं आला आणि पोरीच्या हातात पाकिटं बघून दारातच थांबला.

"आण्णा, हे काय हाय?"

"भरायचं हाय ते." एवढं बोलून तो पाय धुवायला गेला.

"तुमी घेतलंय का कार्ड?"

"नव्वद हजारात मिटवतो म्हणत्यात. मिटवायचं."

"घेतलंय का न्हाई, ते इचारतीय मी."

आकारामनं पाय धुतले, पुसले, चपला जागेवर ठेवल्या. "पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची. गलाईच्या धंद्यात माणूस अनोळखी असला तरी निस्त्या शब्दावर सोनं हातात देतो. आकारामवर दावा लागला ही बातमी सेलमला गेली तर सूरजच्या दुकानात कुणी गुंजभर टाकायचं न्हाई."

सूरज म्हणजे प्रांजलचा थोरला भाऊ. नऊ वर्षं झाली, सेलमचं दुकान तोच बघायचा. प्रांजलला बापाचं म्हणणं पटलं नाही असं नाही, पण न घेतलेल्या कार्डाचे पैसे भरायचे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानंच दोर आणून द्यायचा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीत तिचं काम आलेला माल तपासायचं. मालाबरोबर सर्टिफिकेट नसलं की ट्रक गेटवर उभा, मग ड्रायव्हर कितीही कावू दे. कागद बघितल्याशिवाय ती खिळा आत घेत नसे, आणि इथं तिचा बाप नव्वद हजार द्यायला निघाला होता.

सोमवारी तिनं बँकेला फोन लावला. चौथ्या माणसानं सांगितलं, "मॅडम, ॲग्रीमेंट सिस्टीममध्ये आहे."

"मग सिस्टीममधनं बाहेर काढा. मला बघायचंय."

"त्याला शाखेत यावं लागेल."

गुरुवारी अर्धी रजा टाकून ती साताऱ्याला गेली. दोन तास बसवून ठेवल्यावर धैर्यशील नावाचा वसुली अधिकारी आला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात वेलदोडा, आणि बोलणं असं गोड की साखर कारखान्याला उसाची गरज पडू नये. त्यानं कराराची झेरॉक्स पुढं सरकवली. बारा पानं, इंग्रजी, अक्षरं मुंगीएवढी. शेवटच्या पानावर खाली, जिथं सही पाहिजे तिथं, अंगठ्याचा काळा डाग.

"माझ्या वडलांना सही येते," प्रांजल म्हणाली.

"येत असेल ना मॅडम. पण खेड्यातल्या सीनिअर लोकांचा आम्ही अंगठाच घेतो. सेफ असतं."

सातवी शिकलेला आकाराम एकतीस वर्षं दर महिन्याला सेलमहून मनीऑर्डर करायचा, आणि प्रत्येक फॉर्मवर अशी सही ठोकायचा की पोस्टमन ती दारोदार दाखवायचा. 'आ'चा काना खाली ओढून त्याला शेपूट काढायचं ही त्याची हौस. आणि हा वेलदोडेवाला त्याला अंगठेबहाद्दर म्हणत होता. प्रांजलनं टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि परत ठेवला. फेकला असता तर बरं झालं असतं असं तिला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं.

झेरॉक्स घेऊन ती तशीच गावी गेली. आकारामनं चष्मा लावून तो डाग बराच वेळ बघितला.

"माझाच दिसतुया," तो म्हणाला. "माझा असाच काळा डाग पडतोय."

"आण्णा, तुमी कुठं दिला अंगठा? कवा दिला? कुणाफुडं दिला?"

"दिला आसंल कवातरी. याद न्हाई."

ज्या माणसाला वीस वर्षांपूर्वी कुणाच्या कोणत्या बांगडीत किती तांबं निघालं ते याद असायचं, त्याला आपला अंगठा याद नव्हता. प्रांजलला वाटलं, म्हातारपणानं ह्यांचा कणाच मोडला.

तिच्या कंपनीतली मैत्रीण ब्राह्मी सांगलीकडची. तिनं आपल्या मावशीचं नाव सुचवलं. ॲडव्होकेट त्रिशला मगदूम, सांगलीत तीस वर्षं दिवाणी काम करत होत्या. बाई जैन, त्यात चातुर्मास चालू, त्यांना दिवस मावळायच्या आत जेवायचं असायचं, म्हणून साडेपाचला ऑफिस बंद म्हणजे बंद. प्रांजल पाऊण तास आधी पोचली.

त्रिशलाबाईंनी बारा पानं वाचली, खरोखर वाचली, आणि चष्मा काढला. "हे बघ बाळ. करार म्हणजे दोघांची राजीखुशी. एकानं हो म्हटलंच नसेल तर तो करार मोडत नाही, तो मुळात झालेलाच नसतो. न मागता कुणाच्या गळ्यात कार्ड मारायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचाही नियम आहे. आणि हा अंगठा तुझ्या वडलांचा आहे हे बँकेनं सिद्ध करायचंय, नाही हे तुम्ही नव्हे."

"पण आण्णाच म्हणतात माझा दिसतोय."

"झेरॉक्समध्ये सगळे अंगठे सारखेच काळे. मूळ कागद मागवते मी, त्याशिवाय लोकअदालतीत बोलणी करायला बसायचं नाही." त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि पिशवी उचलली. "एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. लोकअदालतीत तडजोडीचा निवाडा झाला की त्याच्यावर अपील नाही. वडलांनी तिथं कबूल केलं तर मग ब्रह्मदेव आला तरी मी काही करू शकत नाही."

लोकअदालत शनिवारी होती. सकाळच्या एसटीनं बाप-लेक सांगलीला निघाले. आकारामनं ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता आणि आतल्या खिशात नव्वद हजार होते. खिसा फुगलेला प्रांजलला दिसत होता. तासगाव मागं पडलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती.

"प्रांजल," आकाराम हळूच म्हणाला. "आज तू काय बोलू नगंस."

"का म्हणून?"

"सूरजनं केलंय ते."

तिनं मान वळवली.

"गेल्या साली यात्रंला आला हुता. भट्टी नवी घ्यायची हाय, पैसं द्या म्हणाला. मी न्हाई म्हटलं. मग तुझा मोबाईल हप्त्यावर घ्यायला आपुन साताऱ्याला गेलो, तवा माझं आधार न् पॅन त्यानंच पिशवीतनं काढलं आणि झेरॉक्स मारून आणल्या. एकेकाच्या दोन. एक दुकानात दिली. दुसरी कुठं गेली?" आकाराम बोटं चोळत होता. "त्या कागदावरची तारीख बघ. आपुन गेलो त्याच्या तिसऱ्या दिवशीची हाय. त्या दिवशी त्यो परत एकटा साताऱ्याला गेलता. पयलं पाकीट आलं तवाच मला संशय आलता, डाग बघितला तवा पक्कं झालं. त्याचाबी आता माझ्यासारखाच पडत आसंल."

"तुमी त्याला इचारलं का?"

"काय इचारू? चोरी केलीस का म्हणून? चार म्हयनं झालं, मी त्याचा फोन उचलला न्हाई. तुझी आईच बोलती." त्यानं आतला खिसा चाचपला. "अंगठा माझा न्हाई म्हटलं की बँक पोलिसात जाणार. मग कुणाचा हाय ते पोलीस हुडकणार. आपलंच दात, आपलंच ओठ. माझ्या नावावर जाऊ दे."

प्रांजलला राग कुणावर काढावा कळेना. दादावर, की चार महिने गप्प बसलेल्या बापावर, की त्या धैर्यशीलवर. तोंड उघडलं तर भाऊ तुरुंगात, मिटलं तर बाप कायमचा कर्जबुडवा. सांगली येईपर्यंत तिनं पिशवीचा बंद पिळून पिळून तोडला.

कोर्टाच्या हॉलमध्ये लग्नाच्या पंगतीसारखी टेबलं मांडली होती. त्यांच्या टेबलाशी एक निवृत्त न्यायाधीश होते, पांढऱ्या केसांचे, सकाळपासून भांडणं ऐकून कंटाळलेले. त्रिशलाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. धैर्यशील समोर, वेलदोड्यासकट.

"मूळ करार आणलाय?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"आणलाय ना मॅडम. आमचं काम पेपरवर क्लिअर असतं." त्यानं फाईल उघडली, पण पान वर न काढता तडजोडीचा कागद पुढं ठेवला. "काका तयार आहेत म्हटल्यावर करार बघून काय करायचंय?"

"आम्ही तयार नाही," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"हाय," आकाराम म्हणाला. "वकीलबाई, माफ करा. मला मिटवायचंय."

त्रिशलाबाईंनी प्रांजलकडं बघितलं. ती आता काहीतरी बोलेल अशी त्यांची खात्री होती, कारण ऑफिसात तिनं कमी आदळआपट केली नव्हती. प्रांजल टेबलाकडं बघत गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती राग गिळत होती, आणि ते तिला जड जात होतं.

न्यायाधीशांनी विचारलं, "बाबा, राजीखुशीनं करताय ना?"

"व्हय साहेब." आकारामनं खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडलं.

"नाही नाही काका, पेन नको," धैर्यशील लगबगीनं म्हणाला. "करारावर अंगठा आहे, मग इथंही अंगठाच पाहिजे. दोन्ही मॅच व्हायला पाहिजेत. उद्या ऑडिटला मला बोलणी खावी लागतील." त्यानं शाईचा पॅड उघडून आकारामपुढं सरकवला आणि जुळणी दाखवायला म्हणून मूळ कराराचं शेवटचं पान तडजोडीच्या कागदाला लावून ठेवलं.

आकारामनं पेन मिटलं. ज्या सहीचा त्याला एवढा अभिमान, ती बाजूला ठेवून त्यानं डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. प्रांजलला ते बघवेना, पण बघावं लागलं. बापाचा अंगठा वर उचलला गेला आणि खाली एक सपाट, निळा, गुळगुळीत डाग राहिला. त्यात एक रेघ नव्हती.

आणि चार बोटांवर, मूळ करारावर, दुसरा अंगठा होता. झेरॉक्समध्ये काळाभोर दिसणारा तो अंगठा अस्सल कागदावर नांगरलेल्या रानासारखा रेघारेघांनी भरला होता. मधोमध भोवरा, भोवऱ्याभोवती वळसे, कडेला कापल्याची आडवी खूण.

प्रांजलनं दोन्ही डागांशेजारी दोन बोटं ठेवली. "साहेब, हे बघा."

न्यायाधीश पुढं वाकले. त्यांनी चष्मा बदलला. मग आकारामला म्हणाले, "बाबा, पुन्हा एकदा द्या. कोऱ्या कागदावर."

आकारामनं दिला. सपाट. उजवा दिला, तोही सपाट. मग त्यांनी त्याचा हात स्वतःच्या हातात घेऊन बोटांची टोकं बघितली. "काय काम करत होता?"

"गलाई, साहेब. एकतीस वर्सं."

"मग हा अंगठा तुमचा नव्हे."

"न्हाई," आकाराम म्हणाला, पण तो न्यायाधीशांशी बोलत नव्हता. तो त्या रेघांकडं बघत होता. त्यानं करार जवळ ओढला, भोवऱ्यावरनं बोट फिरवलं, आणि त्याच्या ओठांची हालचाल व्हायला लागली. प्रांजलला रेघा बघताच जे उमगलं होतं, ते आता त्याला उमगत होतं. दादाचा फोनही बोटानं उघडत नाही. दरवेळी तो वैतागून स्क्रीनवर नक्षी काढतो आणि म्हणतो, तेजाबानं माझं बोटच खाल्लं गं. नऊ वर्षं झाली त्यालाही.

"ह्यो सूरजचा न्हाई," आकाराम म्हणाला. "प्रांजल, ह्यो सूरजचा न्हाई गं." आणि त्या भरल्या हॉलमध्ये, पांढऱ्या सदऱ्यात, शाईच्या हातांनी तोंड झाकून तो रडायला लागला.

न्यायाधीशांनी तडजोडीच्या कागदावर आडवी रेघ मारली. तडजोड झाली नाही असं लिहिलं, मूळ करार जसाच्या तसा जपून ठेवायची बँकेला लेखी समज दिली, दोन्ही अंगठ्यांची नोंद घेतली. धैर्यशीलच्या तोंडातला वेलदोडा बहुधा गिळला गेला होता.

व्हरांड्यात तो त्यांच्या मागं आला. "काका, एजंटचं काम असणार हो. स्टँडसमोर टेबल टाकून बसतात, मोबाईलच्या दुकानांतल्या झेरॉक्स उचलतात, टारगेट असतं त्यांना. आम्ही तरी काय करणार? मी वरिष्ठांशी बोलतो. सगळी रक्कम माफ करून टाकू. तुम्ही फक्त तक्रार करू नका. मिटवून टाकू."

"माफ?" प्रांजल म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही, चढवायची गरज नव्हती. "आमी काय केलंय म्हणून तुमी माफ करणार? एका म्हाताऱ्याच्या दारात सात नोटिसा टाकल्या तुमी, आणि त्याच्या सहीची चौकशी करायला एक माणूस पाठवला न्हाई. खेड्यातला हाय म्हंजे अंगठा. अंगठा हाय म्हंजे काळा डाग. डाग हाय म्हंजे कर्ज. कागद एकदा तरी डोळं उघडून बघितला व्हता का?"

"मॅडम, जनरल प्रोसीजर..."

"आता मिटवायचं न्हाई," आकाराम म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज सेलमच्या दुकानातल्यासारखा निघाला. धैर्यशील फोन कानाला लावून निघून गेला. फोन वाजला नव्हता.

आकाराम पायरीवर बसला. त्यानं पोरीला सूरजचा फोन लावून द्यायला सांगितलं. पलीकडनं पहिल्याच घंटेला आवाज आला.

"आण्णा? बरं हाय न्हवं?"

आकारामनं विचारलं, "सूरज, तुझ्या अंगठ्याला रेघा हायत का रं?"

"रेघा? आवं आण्णा, कवाच गेल्या. तुमच्या हातावर गेलोय मी." सूरज हसला, आणि मग त्याचं हसणं थांबलं. "तुमी चार म्हयनं फोन घेतला न्हाई. भट्टीसाठी पैसं मागितलं, तुमी न्हाई म्हटल्यावरबी एकटा साताऱ्याला भट्टी बघून आलो, त्याचा राग आला असंल म्हणून मी भट्टीचं नावच काढलं न्हाई परत. माझं चुकलंच व्हतं, आण्णा."

आकारामनं फोन छातीला लावून धरला. सूरज पलीकडनं हॅलो हॅलो करत राहिला.

प्रांजल तिथं थांबली नाही. ती आत गेली. त्रिशलाबाई एका बाकावर बसून पोलिसांना द्यायची तक्रार लिहीत होत्या. खोटा अंगठा, खोटा दस्तऐवज, फसवणूक, एकेक मुद्दा.

"बाई, अजून एक घाला," प्रांजल म्हणाली. "माझ्या बापानं चार महिने आपल्या पोराला चोर समजलं. पोरगं तिकडं स्वतःचीच चूक शोधत बसलं. हे कुठल्या कलमात बसतं?"

त्रिशलाबाईंनी पेन थांबवलं. "कुठल्याच नाही, बाळ."

"तरी लिहा."

बाईंनी तिच्याकडं बघितलं आणि लिहिलं. जसं तिनं सांगितलं तसंच, एक शब्द न बदलता. मग आकारामला आत बोलावलं. त्यानं तक्रार सगळी वाचली. त्या शेवटच्या ओळीपाशी तो बराच वेळ थांबला, पण खोडा म्हणाला नाही. त्यानं पेनचं टोपण काढलं, आणि शाईनं निळ्या झालेल्या बोटांनी खाली आपली सही केली. 'आ'चा काना ओढून, शेपटासकट.